विमान तासाभराचे, मालाचा प्रवास किती तासांचा?
(पुणे–नागपूर मार्गाच्या उदाहरणासह)



पॉलिहाऊसमधील गुलाब, जरबेरा, तसेच स्ट्रॉबेरी, अळिंबी असा नाजूक माल पिकविणाऱ्यांच्या मनात हल्ली एक प्रश्न हमखास येतो. "पुण्याहून नागपूर विमानाने तास-सव्वा तासाचे. मग ट्रकने रात्रभर माल कशाला कुजवायचा? विमानानेच का पाठवू नये?"

प्रश्न रास्त आहे. पण त्याचे उत्तर विमानाच्या वेळापत्रकात मिळत नाही. वेळापत्रक दिलेले असते ते माणसांसाठी. मालाचे वेळापत्रक वेगळे असते आणि ते आपले आपणच मांडावे लागते. ते कसे मांडायचे, हे या पत्रिकेत पायरीपायरीने सांगितले आहे. पाटी-पेन्सिल घेऊन बसलात तर अर्ध्या तासात तुमच्या मालाचा हिशेब तुम्हाला स्वतः करता येईल.

१. अंतर: आकाशातले आणि रस्त्यावरचे

रस्ता गावे जोडत, घाट चढत, नद्यांचे पूल गाठत जातो. विमान साधारण सरळ रेषेत जाते. म्हणून एकाच दोन ठिकाणांमधली दोन अंतरे असतात.

पुण्याचा लोहगाव विमानतळ आणि नागपूरचा सोनेगाव येथील विमानतळ यांच्यात सरळ रेषेने सुमारे ६०५ किलोमीटर अंतर आहे. रस्त्याने हेच अंतर, कोणत्या मार्गाने जाता त्याप्रमाणे, ७०० ते ७२५ किलोमीटर भरते. म्हणजे रस्ता साधारण पाचव्या-सहाव्या हिश्श्याने लांब.

सरळ अंतर काढण्याची सोपी युक्ती आहे. भिंतीवरच्या नकाशावर दोन्ही गावांमध्ये दोरा ताणून धरा आणि तो नकाशाच्या कोपऱ्यातील मोजपट्टीवर ठेवा. विमान मात्र अगदी दोऱ्यासारखे जात नाही. त्याला ठरलेल्या हवाई वाटा असतात. धावपट्टीच्या दिशेप्रमाणे उतरताना वळसाही घ्यावा लागतो. त्यामुळे प्रत्यक्ष प्रवास दोऱ्यापेक्षा थोडा अधिक होतो.

२. उड्डाणाचा वेळ म्हणजे काय?

मोठे जेट विमान उंचावर गेल्यावर ताशी ८०० किलोमीटरच्या वर वेगाने जाते. लहान विमानतळांवर येणारे पंख्याचे एटीआर विमान ताशी सुमारे ५०० किलोमीटरने जाते. मग ६०५ किलोमीटरला जेटला पाऊण तास लागावा, असे तुम्ही म्हणाल. पण तसे होत नाही.

विमानाला वर चढायला आणि खाली उतरायला वेळ लागतो. त्या काळात ते पूर्ण वेगात नसते. शिवाय वेळापत्रकातली वेळ विमान उभ्या जागेवरून हलल्यापासून ते दुसऱ्या तळावर जागेवर उभे राहीपर्यंत धरलेली असते. धावपट्टीपर्यंत जाणे आणि पाळी येईपर्यंत थांबणे हेही त्यात आले. म्हणून पुणे–नागपूर उड्डाण वेळापत्रकात सव्वा ते दीड तासाचे दिसते. प्रत्यक्ष हवेत विमान साधारण तासभरच असते.

वाऱ्याचाही परिणाम होतो. हिवाळ्यात उंचावर पश्चिमेकडून जोराचा वारा असतो. तो पूर्वेकडे जाणाऱ्या विमानाला ढकलतो, पश्चिमेकडे येणाऱ्याला अडवितो. पण एवढ्या जवळच्या मार्गावर फरक पडतो तो मिनिटांचा. मालाच्या हिशेबात तो धरण्याचे कारण नाही.

३. मालाचा खरा वेळ

आता मुख्य मुद्दा बघा. समजा, तुमचे गुलाबाचे पॉलिहाऊस मावळात तळेगाव दाभाड्याजवळ आहे आणि फुले नागपूरच्या फुलबाजारात पोहोचवायची आहेत. फुले काढून, प्रतवारी करून, थंड करून तयार आहेत. तेथून पुढचे तास मोजू.

विमानाने:
• खोकी गाडीत भरणे: अर्धा तास
• तळेगाव ते लोहगाव, वाटेतील गर्दी धरून: २ तास
• माल जमा करणे, वजन, कागद, सुरक्षा तपासणी, विमानाची वाट पाहणे: ३ तास
• उड्डाण: दीड तास
• नागपूरला माल उतरणे, कागद, ताबा मिळणे: दीड तास
• सोनेगाव ते बाजार: अर्धा तास
एकूण: ९ तास

ट्रकने:
• भरणे: अर्धा तास
• प्रवास, जेवण-चहाच्या थांब्यासह: साडेचौदा तास
• उतरविणे: अर्धा तास
एकूण: साडेपंधरा तास

हे आकडे अंदाजाचे आहेत. तुमचे गाव, रस्ता आणि हंगाम यांप्रमाणे ते बदलतील. पण त्यांतून दिसणारी गोष्ट बदलत नाही. कागदावर पाहता विमान तेरा-चौदा तास वाचविते असे वाटते. खरी बचत साडेसहा तासांची आहे. नऊ तासांपैकी फुले हवेत असतात एकच तास. बाकीचे आठ तास ती जमिनीवरच असतात. कधी टेंपोत, कधी गोदामात, कधी तळावरच्या उघड्या उन्हात.

शिवाय नागपूरचा रस्ताही आता पूर्वीचा राहिलेला नाही. समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. ५ जून २०२५ रोजी ७०१ किलोमीटरचा सगळा मार्ग पुरा झाला. पुण्याकडची गाडी छत्रपती संभाजीनगरच्या बाजूने जाऊन या महामार्गाला लागू शकते. रस्ता सुधारला की विमानाची बचत तेवढी कमी होते.

४. वाचलेले तास बाजाराला जुळतात का?

नुसते तास वाचून पैसा होत नाही. वाचलेल्या तासांमुळे तुमचा माल आधीचा बाजार गाठत असेल, तरच पैसा होतो. हे या पत्रिकेतले सर्वांत महत्त्वाचे वाक्य समजा. दोन उदाहरणे घेऊ. बाजार पहाटे ५ वाजता भरतो असे धरू.

पहिले उदाहरण. फुले सकाळी काढली, थंड केली आणि दुपारी साडेबाराला भरायला घेतली. तीन वाजता लोहगावला जमा झाली. सहाच्या विमानाने निघून साडेसातला नागपूरला उतरली, नऊला ताब्यात आली आणि रात्री साडेनऊला बाजारात पोहोचली. आता पहाटे पाचपर्यंत ती तिथेच पडून राहणार. हीच फुले साडेबाराला ट्रकमध्ये भरली असती, तर पहाटे चारला पोहोचली असती. म्हणजे दोन्ही मार्गांनी गाठला तो एकच बाजार, मिळाला तोच भाव. विमानाचे भाडे मात्र अंगावर पडले. उलट साडेसात तास नागपूरच्या गरम रात्रीत फुले ठेवल्याने नुकसानच व्हायचे.

दुसरे उदाहरण. फुले उन्हे कलल्यावर चार वाजता काढली, दोन तास थंड केली आणि सहाला भरायला घेतली. साडेआठला जमा झाली. साडेअकराचे विमान असेल, तर एकला उतरून पहाटे तीनपर्यंत बाजारात. ट्रकने गेली असती तर सकाळी साडेनऊला पोहोचली असती, तोवर बाजार उठलेला. मग पडेल भावाने द्या, नाहीतर दुसऱ्या पहाटेपर्यंत सांभाळा. येथे विमानाने साडेसहा तास नव्हे, एक अख्खा दिवस वाचविला.

मार्ग तोच, माल तोच, विमानही तेवढ्याच वेगाचे. एकदा तोटा, एकदा फायदा. फरक पडला तो बाजाराच्या घटकेमुळे.

ही गोष्ट आपल्या टपालखात्याने फार पूर्वी ओळखली होती. १९४९ साली रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून टपालाची विमाने रात्री निघत. ती नागपूरला एकत्र येत, थैल्यांची अदलाबदल करीत आणि पहाटेपर्यंत परत फिरत. त्या वेळची विमाने आजच्या मानाने हळू होती. तरीही संध्याकाळी टाकलेले पत्र दुसऱ्या दिवशीच्या वाटपात सापडे, कारण सगळा मेळ पोस्टमनच्या फेरीशी घातलेला होता. आपल्यालाही असाच मेळ बाजाराच्या फेरीशी घालायचा आहे.

५. कोणता माल विमानाचा, कोणता नव्हे?

याच मार्गावरून उलट दिशेला नागपूरचे संत्रे पुण्याला येते. ते विमानाने पाठवावे काय? मुळीच नाही. चांगले तोडलेले, न दबलेले संत्रे आठवडाभर सहज टिकते. साडेपंधरा तासांच्या प्रवासाने त्याचे काही बिघडत नाही. त्याचा किलोचा भावही विमानभाडे सोसणारा नाही. संत्र्याला ट्रक किंवा रेल्वेच योग्य.

तेव्हा मालाला दोन प्रश्न विचारा:
(अ) एक दिवस उशीर झाला तर मालाची किंमत किती घसरते?
(ब) एका किलोला भाव काय मिळतो?

पहिल्याचे उत्तर "फार" आणि दुसऱ्याचेही उत्तर "फार" असेल, तरच विमानाचा विचार करावा. दांड्याची फुले, चांगल्या प्रतीची स्ट्रॉबेरी, ताजी अळिंबी, ऊतिसंवर्धित रोपे हा असा माल होय. कांदा, संत्रे, डाळिंब, भोपळा यांना देशातल्या बाजारासाठी विमानाची गरज नाही.

६. भाडे काट्यावरच्या वजनावर नसते

येथे पुष्कळ जण फसतात, म्हणून नीट समजून घ्या. विमानात जागा थोडी. म्हणून हलक्या पण मोठ्या खोक्याचे भाडे त्याच्या आकारावरून लावतात. रीत अशी आहे: खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजून त्यांचा गुणाकार करावा आणि त्याला ६००० ने भागावे. जे येईल ते आकाराचे वजन. काही कुरिअरवाले ५००० ने भागतात, ते आधी विचारावे. काट्याचे आणि आकाराचे, यांपैकी जे वजन जास्त, त्यावर भाडे लागते.

समजा, फुलांचे खोके १०० सें.मी. लांब, ४० सें.मी. रुंद व ३० सें.मी. उंच आहे. गुणाकार १,२०,०००. त्याला ६००० ने भागले की २० किलो. खोके काट्यावर १४ किलो भरले तरी भाडे २० किलोचेच. रिकाम्या जागेचे भाडे आपण भरतो. म्हणून खोके मालाच्या मापाचे असावे. पण जागा वाचविण्यासाठी फुले दाबून भरू नयेत.

आता दांड्यामागे खर्च काढा. पुढील दर केवळ उदाहरणासाठी धरले आहेत. खरे दर एजंटाकडून घ्यावेत. खोक्यात ४०० दांडे आहेत. भाडे किलोला ४० रुपये धरले तर ८०० रुपये. हाताळणी, कागदपत्रे आणि दोन्हीकडची गाडी मिळून ६०० रुपये. एकूण १४०० रुपये, म्हणजे दांड्याला साडेतीन रुपये. ट्रकने दांड्याला एक रुपया पडत असेल, तर विमान अडीच रुपयांनी महाग. आधीचा बाजार गाठल्याने दांड्यामागे अडीच रुपयांहून जास्त मिळत असतील, तरच विमान. नाहीतर ट्रक बरा.

बहुतेक ठिकाणी कमीत कमी भाड्याची अट असते. एकटे-दुकटे खोके पाठविले तर ती अट जड जाते. चार-पाच जणांनी मिळून किंवा शेतकरी उत्पादक कंपनीमार्फत माल एकत्र पाठविला, तर हा भार वाटला जातो.

७. अंतराप्रमाणे ठोकताळा

पुणे–नागपूरचा हिशेब इतर मार्गांना लावून पाहू.

कोल्हापूर–मुंबई: सरळ अंतर सुमारे ३१० किलोमीटर, रस्त्याने ३७५ ते ३८० किलोमीटर. उड्डाण तासाभराचे. पण जमिनीवरचे सात-साडेसात तास येथेही आहेतच. ट्रक रात्रीत आठ-नऊ तासांत मुंबई गाठतो. म्हणजे बरोबरीच झाली. एवढ्या अंतराला विमानाच्या नादी लागू नये.

पुणे–नागपूर: अंतर मधले. बाजाराची वेळ जुळली तर विमान, नाहीतर ट्रक. प्रत्येक खेपेला हिशेब मांडावा.

पुणे–दिल्ली: सरळ अंतर सुमारे १,१५५ किलोमीटर, रस्त्याने चौदाशेच्या वर. उड्डाण दोन-सव्वादोन तासांचे. सगळे मिळून दहा-अकरा तास. ट्रकला दीड दिवस तरी धरावा. येथे नाजूक मालाला विमानाचा फायदा स्पष्ट आहे.

यावरून ध्यानात येईल की जमिनीवरचे तास जवळच्या आणि लांबच्या मार्गाला जवळपास सारखेच असतात. अंतर वाढेल तसे विमान परवडू लागते.

लहान शहरांतून विमाने सुरू व्हावीत म्हणून केंद्र सरकारने २०१६ साली 'उडान' योजना आणली. २७ एप्रिल २०१७ रोजी तिची पहिली उड्डाणे झाली, त्यांत आपले नांदेड–हैदराबादही होते. शेतमालासाठी 'कृषी उडान' २०२० साली आणि तिची सुधारित आवृत्ती ऑक्टोबर २०२१ मध्ये आली. तिचा मुख्य भर ईशान्येकडील, डोंगराळ आणि आदिवासी भागांतील विमानतळांवर आहे. तिच्यातील उतरण्याच्या आणि थांबण्याच्या आकाराची सूट मालवाहू विमानांना मिळते, शेतकऱ्याच्या हातात नव्हे. तेव्हा योजनेचे नाव ऐकून भाडे माफ होईल असे समजू नये. जवळ विमानतळ झाला म्हणजे आपल्याला हवे ते विमान, हव्या त्या वेळी मिळेलच असेही नाही. विमानांचे वेळापत्रक वर्षातून दोनदा, मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून बदलते. गेल्या हंगामातले विमान या हंगामात आहे की नाही, हे आधी विचारून घ्यावे.

८. पाठविण्यापूर्वी घ्यावयाची काळजी

(१) माल आधी थंड करावा. फुलांचा व फळांचा श्वासोच्छ्वास उष्णतेने वाढतो. तापमान १० अंशांनी वाढले की तो दुप्पट ते तिप्पट होतो आणि माल तेवढा लवकर थकतो. गुलाब काढल्याबरोबर स्वच्छ पाण्यात ठेवून २ ते ४ अंश सेल्सिअसच्या शीतगृहात ठेवावा. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. न थंड केलेली फुले तळावर अर्धा तास उन्हात राहिली, तरी विमानाने कमावलेले सगळे गेले.

(२) खोक्याला आतून अस्तर लावावे. थंडावा देणाऱ्या जेलच्या पिशव्या कागदात गुंडाळून ठेवाव्यात. त्या फुलांना टेकू देऊ नयेत. साधा बर्फ घालू नये. पाणी गळणारे खोके विमानात घेत नाहीत. सुका बर्फ न कळविता कधीही ठेवू नये. त्याला विमानाचे कडक नियम आहेत.

(३) फुलांच्या खोक्यांजवळ पिकलेली फळे ठेवू नयेत. फळांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने फुले लवकर कोमेजतात.

(४) खोक्यावर 'नाशवंत माल', पाठविणाऱ्याचा व घेणाऱ्याचा पत्ता आणि वरची बाजू दाखविणारा बाण ठळक घालावा.

(५) प्रवासी विमानात माल पोटातल्या कप्प्यात जातो. तेथे प्रवाशांच्या सामानाचा मान पहिला. जागा उरली नाही तर आपली खोकी मागे राहून पुढच्या विमानाने जातात. सणासुदीला आणि लग्नसराईत हे जास्त घडते. म्हणून जागा आधी राखून ठेवावी आणि शक्यतो दिवसाच्या शेवटच्या विमानावर विसंबू नये. शेवटचेच विमान घ्यावे लागत असेल, तर माल राहिल्यास तो कोठे थंड ठेवणार, हे ठरवूनच निघावे.

(६) एजंटाला हे पाच प्रश्न विचारावेत: माल किती वाजेपर्यंत घेता? रात्री माल ताब्यात मिळतो का? वजनाची रीत कोणती? किमान भाडे किती? माल मागे राहिला तर कोण कळविणार? उत्तरे वहीत लिहून घ्यावीत.

(७) विमानाची मालपावती, जिला एजंट एअरवे बिल म्हणतात, तिचा क्रमांक माल घेणाऱ्याला लगेच कळवावा. त्याचा माणूस वेळेवर हजर असेल तरच उतरलेला माल लगेच सुटतो.

पहिल्या खेपेला सगळा माल विमानाने पाठवू नये. पाच-सहा खोकी विमानाने आणि तेवढीच ट्रकने, एकाच काढणीची, एकाच बाजारात पाठवावीत. दोन्हींची पोहोचण्याची वेळ, खराब निघालेले दांडे आणि हाती आलेली रक्कम वहीत शेजारीशेजारी लिहावी. दोन-तीन खेपांत तुमच्या मालाला काय सोसते ते कळेल. हिशेबात अडचण आली तर वही घेऊन तालुका कृषी अधिकारी कार्यालयात यावे, आपण मिळून मांडणी करू.

जरूर तेव्हा विमान वापरावे, पण ठरविण्याआधी मालाचे तास मोजावेत आणि बाजार किती वाजता भरतो ते विचारून घ्यावे.